हाड जुळलें, पण दुखणें उरलें

पावसाळा लागला कीं बिरवाडीच्या परिसरांतील पायवाटा शेवाळानें निसरड्या होतात, खाचरांचे बांध पायाखालीं खचतात, आणि अशा वेळीं पाय घसरून घोटा मोडणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. घोटा मोडतो त्या दिवसाचें दुःख सर्वांना दिसतें. शेजारीपाजारी धांवून येतात; कोणी गाडी बोलावतो, कोणी पाणी पाजतो. परंतु प्लॅस्टर निघाल्यावर जें दुखणें महिनोन्‌महिने सोबत करतें, त्याची विचारपूस करण्यास कोणी येत नाहीं. उलट, ‘आतां कसलें दुखतें? हाड तर जुळलें!’ हेंच वाक्य घरीं व शाळेंत कानीं पडतें. हें बोलणें अन्यायाचें आहे आणि त्याच्या मुळाशीं अज्ञान आहे, असें आमचें मत आहे.

घोटा म्हणजे एकच हाड नव्हे. नडगीचें जाड हाड व त्याच्या बाहेरच्या अंगाचें बारीक हाड हीं दोन्हीं खालीं येऊन पावलाच्या एका हाडाला चिमट्याप्रमाणें धरून ठेवतात, आणि हा सारा जोड चिवट बंधांनीं आवळलेला असतो. हाड मोडतें तेव्हां हे बंधही पुष्कळदां ताणले किंवा फाटले जातात. हाड साधारणतः सहा ते बारा आठवड्यांत जुळतें. पण तितके दिवस न हललेला सांधा आखडतो, पोटरी वाळते, आणि पाऊल खालीं सोडून बसलें कीं सूज चढते. हा ताठरपणा व ही सूज निघून जाण्यास कित्येक महिने लागतात. कांहींना वर्षही लागतें. क्ष-किरणांच्या चित्रांत जुळलेलें हाड दिसतें. आखडलेला सांधा व दुबळी पोटरी दिसत नाहींत. चित्र पाहून ‘बरा झाला’ असा निकाल देणारे लोक एवढेंच विसरतात.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. सुश्रुतसंहितेंत मोडलेल्या हाडांच्या चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. बालवयांत एका महिन्यांत, मध्यम वयांत दोन महिन्यांत व उतारवयांत तीन महिन्यांत हाड स्थिर होतें, असें तेथें सांगितलें आहे. पण ग्रंथकार तेवढ्यावर थांबत नाहीं. मोडलेल्या हाताला आधीं मातीचा गोळा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यानंतरच दगड धरावयास द्यावा, असा क्रम तो घालून देतो. हाड जुळणें निराळें आणि अंगांत बळ येणें निराळें, हें यावरून स्पष्ट होतें.

दुःखाकडे कसें पाहावें याचा धडा तर याच गांवीं मिळालेला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानें त्या काळीं पुष्कळ माणसें, विशेषतः मुलें, दगावत असत. रुग्णांच्या उशाशीं बसून डॉक्टरांनीं जें टिपलें, तें १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें; प्रॅझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयींचा त्यांचा लेख १९८६ सालीं तेथेंच आला. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या निरीक्षणांतील एक गोष्ट येथें लक्षांत घेण्याजोगी आहे. दंशाच्या जागीं असह्य वेदना होऊन जो ओरडतो, तो बहुधा बचावतो; पण ज्याला वेदना फारशी नाहीं, मात्र दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात व हातपाय गार पडतात, त्याच्या हृदयावर घाला आलेला असतो. म्हणजे वेदना किती मोठी, यावरून धोका किती मोठा हें ठरत नाहीं. तरीही वेदना खोटी ठरत नाहीं. ती ऐकून घ्यावी लागते आणि सोबतचीं लक्षणें पाहावीं लागतात.

घोट्याविषयीं लोकांच्या दोन चुका होतात. कोणी दुखतें म्हणून पुन्हा अंथरूण धरतो, किंवा तेल लावून जबरदस्तीनें चोळून घेतो; कोणी दुखण्याला ढोंग समजून रुग्णाला एकदम कामाला जुंपतो. योग्य मार्ग या दोहोंमधला आहे. वैद्यांच्या सल्ल्यानें पाऊल रोज थोडथोडें हलवावें, थोडथोडा भार द्यावा. चालल्यावर वाढलेली कळ दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली, तर श्रम बेताचे झाले. सूज व कळ वाढून राहिली, तर ते कमी करावे. मात्र दुखणें दिवसेंदिवस वाढत गेलें, ताप आला, जखम वाहूं लागली, पावलाचा रंग पालटला, किंवा नुसतें वस्त्र लागलें तरी सहन होईना, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावें. पोटरी सुजून दम लागूं लागला, तर एक क्षणही दवडूं नये.

कोणी म्हणेल, कष्टकऱ्याच्या घरीं एवढी सवड कोठून आणावी? लावणी कोणासाठीं थांबत नाहीं. ही अडचण खरी आहे. पण अर्ध्या बळाच्या पायानें चिखलांत उतरलेला माणूस पुन्हा पडला, तर एका हंगामाची मजुरी वांचवितां वांचवितां दोन हंगामांची जाते. त्यापेक्षां कांहीं महिने त्याला बसून करण्याचीं कामें द्यावींत. अशीं कामें प्रत्येक घरांत असतात. येथें आणखी एक गोष्ट बोलणें प्राप्त आहे. घरांतील पुरुषाचा पाय मोडला तर त्याला निदान प्लॅस्टर निघेपर्यंत विसावा मिळतो. सुनेचा मोडला तर प्लॅस्टरसकट तिला चुलीपुढें बसावें लागतें. तिचें दुखणें अधिक रेंगाळलें तर त्यांत नवल तें काय?

शाळेचेंही यांत कर्तव्य आहे. असा विद्यार्थी परत आला कीं त्याला कवाइतींतून मोकळीक द्यावी, त्याचा वर्ग शक्य तर तळमजल्यावर ठेवावा, आणि सुटीच्या घंटेपूर्वीं पांच मिनिटें त्याला सोडावें, म्हणजे जिन्यावरील गर्दींत त्याला धक्का लागणार नाहीं. यास पैसा लागत नाहीं. विद्यार्थिमित्रांना सांगणें इतकेंच कीं, लंगडणाऱ्या सोबत्याची नक्कल करूं नका. त्याचें दप्तर उचला आणि त्याच्या चालीनें चाला. पालकांनीं प्लॅस्टर निघाल्याच्या दिवसापासून निदान तीन महिने तरी ‘अजून दुखतें’ हे शब्द खरे मानावेत, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.