ईदच्या पानापलीकडे

मुलांच्या पुस्तकात ‘विविधता’ म्हणजे काय, तर एका पानावर दिवाळी, दुसऱ्यावर ईद, तिसऱ्यावर नाताळ. झालं! अहो, पण ईद नसते तेव्हा ते पोरगं काय करतं?

हैदराबादच्या ‘अन्वेषी’ने २००८ मध्ये ‘डिफरंट टेल्स’ ही मालिका काढली. त्यात मोहम्मद खदीर बाबूंची ‘हेड करी’ आहे. विषय? घरी शिजणारी बोकडाची मुंडी. बस्स.

आपल्या बऱ्याच गोष्टींतली आई मात्र वरणभातच वाढते. (माझीही तेच वाढायची, म्हणून मला कधी खटकलंच नाही!) ज्याच्या डब्यात मुंडीचा रस्सा, तो मुलगा यातून डबा झाकून खायला शिकतो. लिहिणारे सगळे वरणभातवालेच असतील तर दुसरं काय होणार? प्रकाशकहो, आता लेखक जरा दुसऱ्या गल्लीत शोधा की!