विश्लेषण : स्वस्त मेकॅनिकल कीबोर्ड घेताना काय पाहावे? दिवे, आकडे की बटणे?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदी घातली आणि त्याच वेळी ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. घरात ‘गेमिंग कीबोर्ड’चा हट्ट धरणाऱ्यांच्या हाती त्यामुळे आणखी एक कारण आले. मात्र बहुतेक घरांत संगणक एकच असतो. रात्री त्यावर व्हॅलोरंट चालते, तर दिवसा त्यावरच कुणी मराठी टायपिंगचा सराव करते, कुणी दुकानाचा हिशेब लिहिते. या सगळ्यांना पुरेल असा कीबोर्ड दोन-तीन हजार रुपयांत मिळू शकतो का आणि निवडताना कशाकडे पाहावे, याचा आढावा.

मेकॅनिकल म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या ‘मेम्ब्रेन’ कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली रबराचा एकच पातळ थर असतो. बटण पूर्ण खाली दाबले की त्याखालचे दोन थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. बटण साधारण निम्मे खाली गेले की नोंद होते, तळापर्यंत दाबावे लागत नाही. त्यामुळे सवय झाली की बोटांवरचा ताण कमी होतो. हे स्विच रबरापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतात.

खरेदी करताना एका शब्दाकडे नीट पाहावे. ‘मेकॅनिकल फील’ असे लिहिलेला कीबोर्ड मेकॅनिकल नसतो. रंगीत दिवे लावलेला तो मेम्ब्रेन कीबोर्डच असतो. स्विच कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या रंगाचा, याचा उल्लेख माहितीत नसेल तर शंका घ्यावी.

किमती खाली कशा आल्या?

या स्विचची आजची रचना जर्मनीतील चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणली. ‘एमएक्स’ नावाने ती ओळखली जाते. भारतात बिलिंग काउंटरवर आणि डीटीपीच्या दुकानांत खटखट वाजणारा ‘टीव्हीएस गोल्ड’ अनेकांनी पाहिला असेल. त्यात बराच काळ चेरीचेच निळे स्विच असत. म्हणजे मेकॅनिकल कीबोर्ड इथे गेमिंगच्या आधी कारकुनी कामासाठी आला.

चेरीच्या मूळ पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपली. त्यानंतर गेटरॉन, आउटेमू यांसारख्या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच मोठ्या प्रमाणावर बनवले. आज साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास खरा मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो, तो यामुळेच.

लाल, तपकिरी की निळा?

स्विचचा रंग त्याचा स्वभाव सांगतो. लाल स्विच सरळ खाली जातो, मध्ये अडथळा नाही. चेरीच्या लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅम दाब पुरतो. निळ्या स्विचला सुमारे ६० ग्रॅम लागतो आणि प्रत्येक वेळी ‘टिक’ असा आवाज येतो. तपकिरी स्विच या दोघांच्या मधला. बोटाला हलका टप्पा जाणवतो, पण वेगळा टिक आवाज होत नाही. इतर कंपन्यांचे आकडे थोडे वेगळे असले तरी रंगांची भाषा बहुधा हीच असते.

फक्त गेमसाठी लाल आणि दोन्ही कामांसाठी लाल किंवा तपकिरी, हा सोपा नियम. निळा अनेकांना टायपिंगसाठी आवडतो. मात्र दोन खोल्यांच्या घरात रात्री बाराला कुणी खेळत असेल, तर बाकीच्यांची झोपमोड ठरलेली.

मराठी टायपिंगसाठी वेगळा विचार का?

कीबोर्डच्या बहुतेक शिफारशी इंग्रजी टायपिंग डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. मराठीसाठी सरकारी मानक असलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत गणित बदलते. इंग्रजीत उजव्या करंगळीकडे अर्धविराम, कंस, तिरकी रेघ अशी क्वचित लागणारी चिन्हे असतात. इनस्क्रिप्टमध्ये त्याच जागी च, ट, ड आणि य आहेत. ‘डॉक्टर’ हा एक शब्द लिहिताना ड, ॉ आणि ट अशी तीन बटणे एकट्या करंगळीने दाबावी लागतात. दिवसभर मराठी लिहिणाऱ्याला जड स्विच त्रासदायक ठरू शकतो, तो या कारणाने.

दुसरा मुद्दा शिफ्टचा. ख, घ, थ, ध, भ, ळ ही अक्षरे डाव्या शिफ्टसह, तर ण, अ आणि आ ही उजव्या शिफ्टसह येतात. ६५ आणि ७५ टक्के आकाराच्या कीबोर्डवर बाणाची बटणे बसवण्यासाठी उजवा शिफ्ट आखूड केलेला असतो. इंग्रजीत ते खपून जाते. मराठीत मात्र शब्दाच्या सुरुवातीला ‘अ’ किंवा ‘आ’ आला की बोट चुकून वरच्या बाणावर पडते. ६१ बटणांच्या छोट्या कीबोर्डवर तर बाणाची स्वतंत्र बटणेच नसतात.

म्हणून खेळ आणि मराठी लेखन, दोन्हींसाठी ८७ बटणांचा ‘टीकेएल’ आकार सोयीचा. त्यात शिफ्ट पूर्ण मापाचा असतो, बाण असतात, फक्त उजवीकडचा आकड्यांचा भाग नसतो. त्यामुळे माऊसला जागा मिळते. हिशेब किंवा टॅलीचे काम असेल तर १०४ बटणांचाच घ्यावा.

गेमसाठी ८,००० हर्ट्झ हवे का?

जाहिरातींत सर्वात ठळक असतो तो ‘पोलिंग रेट’. म्हणजे कीबोर्ड संगणकाला सेकंदाला किती वेळा माहिती देतो, याचा आकडा. १,००० हर्ट्झला दर १ मिलिसेकंदाला माहिती जाते आणि ८,००० हर्ट्झला दर ०.१२५ मिलिसेकंदाला. पण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर चित्रच दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते. तिथे हा फरक जाणवणे अवघड. १,००० हर्ट्झ पुरेसे आहे. पैसे उरले तर ते आधी मॉनिटरवर खर्च करावेत.

त्यापेक्षा महत्त्वाचे ‘एन-की रोलओव्हर’. खेळताना शिफ्ट, डब्ल्यू, ए आणि स्पेस एकाच वेळी दाबले जातात. स्वस्त कीबोर्ड यातले एखादे बटण गाळतो. कीबोर्ड घरी येताच ब्राउझरमधील ‘की टेस्टर’वर ही तपासणी करावी, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते. आणखी एक गोष्ट. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गेम आहे. फक्त तोच खेळणाऱ्याला यातले काहीच लागत नाही.

‘रॅपिड ट्रिगर’चे काय?

नव्या ‘हॉल इफेक्ट’ कीबोर्डमध्ये धातूच्या टोकांऐवजी चुंबक असतो. बटण किती खाली गेले की नोंद व्हावी, हे त्यात ठरवता येते. रॅपिड ट्रिगरमुळे बोट किंचित वर येताच बटण सुटल्याची नोंद होते. नेमबाजीच्या गेममध्ये याचा खरा उपयोग आहे. मात्र त्याच कीबोर्डमधील ‘स्नॅप टॅप’सारख्या सोयी वेगळ्या. दोन विरुद्ध दिशांची बटणे दाबली असता कोणते मोजायचे, हे खेळाडूऐवजी कीबोर्ड ठरवतो. काउंटर-स्ट्राइक २ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या अधिकृत सर्व्हरवर असा वापर रोखला. जास्त पैसे मोजून घेतलेली सोय स्पर्धेत बंद असू शकते, हे लक्षात ठेवावे.

बिघडला तर?

स्वस्त कीबोर्ड घेताना ‘हॉट-स्वॅप’ हा शब्द शोधावा. अशा कीबोर्डमध्ये बिघडलेला स्विच चिमट्याने ओढून नवा बसवता येतो, सोल्डरिंग लागत नाही. हॉट-स्वॅप नसेल तर एका बटणासाठी सगळा कीबोर्ड दुकानात न्यावा लागतो. सुटे स्विच घेण्याआधी सॉकेट तीन पिनांचे की पाच पिनांचे, हे पाहावे. बटणांच्या टोप्या ‘पीबीटी’ प्लॅस्टिकच्या असतील तर त्या लवकर गुळगुळीत होत नाहीत.

टायपिंग परीक्षेसाठी घ्यावा का?

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंग परीक्षा केंद्रावरील संगणकांवर होते. तिथे साधा कीबोर्ड असण्याचीच शक्यता जास्त. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा ३० शब्द प्रतिमिनिट वेग लागतो, तो साध्या कीबोर्डवरही नीट गाठता येतो. फक्त परीक्षेसाठी मेकॅनिकल कीबोर्ड घेण्याची गरज नाही. घरी तो असेल तरी शेवटचे काही आठवडे साध्या कीबोर्डवर सराव करावा.

मग किती खर्च करावा?

किमती सेलनुसार बदलतात. तरी साधारण दोन ते तीन हजार रुपयांत ८७ बटणांचा, वायरचा, लाल किंवा तपकिरी स्विचचा कीबोर्ड मिळतो. त्यात हॉट-स्वॅप आणि भारतातील एक वर्षाची वॉरंटी मिळाली तर उत्तम. वायरलेस हवा असेल तर हजार-दीड हजार वाढतात. हॉल इफेक्टचा विचार पीसीवर स्पर्धात्मक खेळणाऱ्यांनीच करावा. दिव्यांसाठी मात्र वेगळे पैसे मोजू नयेत. मराठी अक्षरांचे स्टिकर लावले की ते तसेही झाकले जातात.