सफरचंदाची हौस आणि बिलिंबीचं झाड

पावसाळा तोंडावर आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: "आमच्या डहाणूत, तलासरीत परसदारी सफरचंद लागेल का?" आठवडी बाजारात रोपांचा टेम्पो उभा राहतो, रोपाला लालबुंद सफरचंदाचं चित्र बांधलेलं असतं आणि मुलं हट्टाला पेटतात. ज्यांचे नातेवाईक इंग्लंडात आहेत, त्यांना तिकडच्या आंबट सफरचंदाचंही अप्रूप असतं. ते फळ कच्चं कुणी फारसं खात नाही. ते शिजवून त्याची चटणी, मुरंबा, गोड पदार्थ करतात.

थोडक्यात उत्तर असं: झाड कदाचित जगेल, पण फळाची खात्री धरू नका. अंगणात एकाच मोठ्या झाडापुरती जागा असेल, तर ती सफरचंदाला देण्याआधी पुढचं वाचा.

स्वयंपाकाच्या त्या सफरचंदाची सर्वांत प्रसिद्ध जात म्हणजे ब्रॅम्ली. 1809 साली साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बी पेरलं, त्यातून हे झाड उगवलं. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली यांनी विकत घेतलं आणि फळाला नाव मिळालं ते त्यांचं. हे फळ शिजलं की लोण्यासारखं मऊ होतं, पण आंबटपणा सोडत नाही. म्हणून तिकडच्या गृहिणींना ते हवं असतं.

पण सफरचंदाला झोप लागते ती थंडीत. बहुतेक जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी सुमारे हजार तास मिळावी लागते. तेव्हा कुठे कळ्या एकदम फुटतात आणि बहर येतो. आपल्याकडे समुद्रकाठी पहाटेसुद्धा इतका गारठा पडत नाही. झोप पुरी न झालेलं झाड मग वर्षभर पेंगुळल्यासारखं राहतं: इथे चार पानं, तिथे दोन फुलं. शिवाय बहुतेक जातींना फळ धरायला शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतं. ब्रॅम्लीचे परागकण तर निरुपयोगी असतात, म्हणून तिच्याजवळ दोन वेगळ्या जाती लावण्याची पद्धत आहे. म्हणजे एका झाडाच्या हौसेपायी तीन झाडं.

कमी थंडीत येणाऱ्या जाती आहेत, हे खरं. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी एचआरएमएन-99 ही जात तयार केली. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही जात महाराष्ट्रातही काहींनी लावली आहे. पण तिची फळं जूनच्या सुमारास तयार होतात, नेमका आपला पाऊस सुरू होतो तेव्हा. पुढचे चार महिने मुळाशी पाणी साचलं तर मुळं कुजतात. आणि मुख्य म्हणजे ते फळ गोड, कापून खायचं. कालवणात टाकायचं आंबट फळ हवं असेल, तर ती गरज त्याने भागत नाही.

मग आपल्या मातीत हंडीसाठी लावायचं झाड कोणतं? चिकू म्हणाल, तर डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो ताटात शेवटी येणारा. कैरी उत्तम, पण दोन-तीन महिन्यांची पाहुणी आणि झाडाला जागा भरपूर लागते. छोट्या परसासाठी माझं मत बिलिंबीला. काही घरांत तिला बिंबली म्हणतात. कमरखाची ही सख्खी बहीण. फळं बोटाएवढी, हिरवीगार, थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लटकतात. तिला थंडी नको आणि साधारणपणे एकटं झाडही फळतं.

लावायची कशी? पिकून पिवळसर झालेल्या फळातलं ताजं बी लगेच पिशवीत पेरा. सुकलेलं बी उगवेलच असं नाही. नाहीतर जवळच्या रोपवाटिकेतून रोप घ्या. पहिले दोन पाऊस झाल्यावर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. तळाशी पालापाचोळा, वर माती आणि कुजलेलं शेणखत. डहाणूच्या किनाऱ्याकडच्या वाड्यांत माती रेताड, वारा खारा. तिथे शेणखत दुप्पट घाला आणि रोप घराच्या किंवा मोठ्या झाडाच्या आडोशाला लावा. तलासरीकडे माती उथळ, दगडगोट्यांची. तिथे खड्डा तीन फूट करा आणि उतारावर पाणी वाहून जाईल अशी वाट ठेवा. भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर हवं. येण्याजाण्याच्या वाटेवर मात्र लावू नका. पिकलेली फळं गळतात आणि पायाखाली घसरडं होतं.

पाण्याचा खरा प्रश्न मार्च ते मे. पहिली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा पाणी पुरे. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. त्याची नळी किंवा पन्हाळ झाडाच्या आळ्याकडे वळवली, तर वेगळं पाणी ओतायची गरज फारशी उरत नाही. आळ्यात सुका पाला पसरा, ओल टिकते.

छाटणीत एक काळजी घ्या. फळ जुन्या लाकडावर येतं, म्हणून जाड फांद्या तोडू नका. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या बारीक फांद्या तेवढ्या काढा. बियांपासून वाढवलेलं झाड साधारण तीन ते पाच वर्षांत फळू लागतं.

स्वयंपाकात ती कोकम-चिंचेच्या जागी चालते. अर्धा किलो मासळीच्या कालवणाला चार-पाच फळं उभी चिरून पुरतात. जवळा किंवा सोडे परतताना दोन-तीन फळं टाकून बघा. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. पितळ-तांब्याचं आणि ॲल्युमिनियमचं नको, कारण फळ फार आम्ल आहे. म्हणूनच पूर्वी पितळी भांडी याच फळाने घासत.

तोडलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. बाजारात फारसं दिसत नाही ते यामुळे. उरलेली फळं मीठ लावून कडक उन्हात वाळवा, रात्री आत घ्या. चामट आणि काळपट झाली की काचेच्या बरणीत भरा. इतकं करूनही फळं उरतातच. तेव्हा शेजारच्या चार घरी वाटी पोहोचवा. एका बहराचं पीक एका घराला संपत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. बिलिंबीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. कालवणातली चार फळं कुटुंबात वाटली जातात, त्याची निरोगी माणसाला भीती नाही. पण कोलेस्टेरॉल उतरेल या समजुतीने काही जण हिचा रस पेलाभर पितात. केरळमधल्या पाच रुग्णालयांतल्या अशा 10 रुग्णांची हकिकत 2013 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. रस पिऊन त्यांची मूत्रपिंडं अचानक निकामी झाली आणि त्यांपैकी सात जणांना डायलिसिस करावं लागलं. म्हणून रस औषध समजून पिऊ नका. रोजा सोडताना, शरीरात पाणी कमी आणि पोट रिकामं असताना, तर मुळीच नको. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा आहे, त्यांच्या ताटात कालवणातलीही बिलिंबी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढू नका. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगा, कारण शेजारीपाजारी सांगितलेले घरगुती उपाय बहुधा तेच करून पाहतात.

रोपाबद्दल, मातीबद्दल शंका असेल तर डहाणू तालुक्यातच कोसबाड टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. एक मूठ माती घेऊन तिथे जा. आणि मुलांना सफरचंद हवंच असेल, तर एचआरएमएन-99 चं एखादं रोप मोठ्या कुंडीत लावून द्या. फळलं तर आनंद, न फळलं तर मुलांना सफरचंदाची झोप कशी मोडते ते पाहायला मिळेल. जमिनीतली जागा मात्र बिलिंबीसाठी राखून ठेवा.