एवढासा कुत्रा, पण त्याला काम द्या!



'माझा आवडता प्राणी – कुत्रा' हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिला आहे. कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो, तो मला फार आवडतो... झाला निबंध! पण कुत्र्याला काय आवडतं, त्याला दिवसभर काय लागतं, हे त्यात कुठेच येत नाही. घरी कुत्रा आणतानाही आपण नेमकं हेच विचारायचं विसरतो, असं माझं मत आहे. यासाठी आज एका छोट्या विलायती कुत्र्याचं उदाहरण घेऊ. त्याचं नाव जॅक रसेल टेरियर.

'द मास्क' (१९९४) या इंग्रजी चित्रपटातला जिम कॅरीचा छोटा कुत्रा आठवतो ना? तोच हा. उंची जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर, वजन ५-६ किलो. लोकांना वाटतं, फ्लॅटमध्ये सहज मावेल. कुत्रा मावेल हो, पण त्याचा उत्साह कुठे मावणार?

याचं कारण त्याच्या इतिहासात आहे. इंग्लंडमधल्या डेव्हन भागातले धर्मगुरू जॉन रसेल शिकारीचे मोठे शौकीन होते. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९च्या सुमारास, त्यांनी एका दूधवाल्याकडून 'ट्रम्प' नावाची कुत्री घेतली. तिच्यापासून ही जात पुढे वाढली, असं मानतात. 'टेरियर' या शब्दाचं मूळ लॅटिन 'टेरा' म्हणजे जमीन, कारण यांचं कामच जमिनीखालचं! कोल्हा बिळात शिरला की त्याच्यामागे शिरायचं आणि भुंकून भुंकून त्याला बाहेर काढायचं. आता अंधाऱ्या बिळात मालक थोडाच सांगायला येणार? पुढे जायचं की थांबायचं, हे कुत्र्यानेच ठरवायचं.

आता या कुत्र्याबद्दलच्या तक्रारी ऐका. बाग उकरतो, सारखा भुंकतो, उंदीर-खार दिसली की सुसाट पळतो, हाक मारली तरी ऐकत नाही. मित्रांनो, ज्या गुणांसाठी माणसाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या निवडलं, त्यांनाच आज आपण खोड्या म्हणतो! इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करायला बंदी आहे. ते योग्यच झालं. पण काम गेलं तरी अंगातली ओढ जात नाही.

शिक्षकांना हे लगेच पटेल. वर्गातल्या चुळबुळ्या मुलाला कोपऱ्यात उभं करून काही साधत नाही. त्याला वह्या वाटायला द्या, फळा पुसायला सांगा, तो खुलतो. या कुत्र्याचंही तसंच आहे. रोज किमान तासभर फिरणं आणि पळणं, चेंडू आणणं, लपवलेला खाऊ वासावरून शोधणं, हे त्याला हवंच. बाकी निगा सोपी आहे. आठवड्यातून एकदा केस विंचरावेत, लसी वेळेवर द्याव्यात, गुडघ्याची वाटी आणि डोळे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा मात्र कधीच देऊ नये. लहान मुलांनी शेपूट ओढलेली त्याला खपत नाही, म्हणून मोठं माणूस जवळ हवं.

'द आर्टिस्ट' (२०११) या चित्रपटातला उगी याच जातीचा. फार दांडगा म्हणून आधीच्या दोन घरांना तो नको झाला होता. प्राण्यांना शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकाने त्याला घरी नेलं, आणि पुढे जगाने त्याला डोक्यावर घेतलं. कुत्रा तोच होता बरं का, घर बदललं!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, फोटो पाहून पिल्लू विकत घेण्यापेक्षा निवारा केंद्रातला मोठा कुत्रा दत्तक घ्यावा. त्याचा स्वभाव आधीच दिसतो. घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याला दोन-तीनदा भेटावं. आधीच्या घराने का सोडला, हे विचारावं. घरी आणल्यावर पहिले काही दिवस त्याला शांत कोपरा द्यावा, पाहुण्यांची गर्दी करू नये. आणि सकाळी घराला कुलूप लावून संध्याकाळी परतणारं कुटुंब असेल, तर या जातीला सरळ नाही म्हणावं. त्यात कमीपणा काही नाही. हा कुत्रा चौदा-पंधरा वर्षंही जगतो. पहिलीतलं मूल कॉलेज संपवेल, इतका काळ!

तर पुढच्या वेळी मुलांना निबंध देताना विषय थोडा बदलून पाहूया का? 'मी माझ्या कुत्र्याला आवडेन का?' मुलं काय लिहितात, ते मलाही जरूर कळवा.