निकाल वाचण्यापूर्वी शाळेचा पट वाचावा

जून महिना उजाडला की संगमनेर शहरातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते: मुलाला कोणत्या शाळेत घालावे? या चर्चेत नगरपालिकेच्या शाळेचे नाव निघालेच, तर "तिथला निकाल चांगला नसतो" एवढ्या एका वाक्यात विषय संपतो. हे वाक्य अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. निकालाच्या आकड्यात गुरुजनांची मेहनत असते. त्याचबरोबर शाळेत कोण येते, कोण टिकते आणि कोण सोडून जाते, याचा हिशेबही त्यातच मिसळलेला असतो. हा दुसरा हिशेब न पाहता शाळेचा न्याय करणे योग्य नव्हे. सहावी ते आठवी या उच्च प्राथमिक वर्गांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

बाकावर कोण बसते?

प्रवरेकाठी वसलेल्या संगमनेरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ६५,८०४ होती. एकेकाळी हे विणकरांचे गाव. पुढे विडी उद्योगाने येथील अनेक कुटुंबांना, विशेषतः पद्मशाली समाजातील स्त्रियांना, घरबसल्या रोजगार दिला. विड्या वळण्याची मजुरी हजारी दराने मिळते. म्हणजे घरातील प्रत्येक मोकळ्या हाताला काम आणि प्रत्येक तासाला किंमत असते. काही घरांत तेलुगू बोलली जाते, काहींत उर्दूच्या वळणाची हिंदी. बांधकामावर, हमालीवर आणि हातगाडीवर पोट भरणारे मजूर, तसेच अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातून कामासाठी येणारी आदिवासी कुटुंबे शहरात आहेत. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या परिसरात उभ्या राहतात आणि हंगाम संपला की उठतात.

या घरांतील मुलाला सरकारी शाळेचे दार उघडे असते. दाखला नसो, वर्षाच्या मध्यावर येवो, मराठी अडखळत बोलो, शाळेला त्याला नाकारता येत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि वयानुरूप वर्गात प्रवेश हा त्या बालकाचा अधिकार ठरला. ज्या शाळेने सर्वांना घ्यायचे आणि ज्या शाळेने निवडून घ्यायचे, त्या दोघींचे निकाल एका ओळीत मांडून तुलना कशी करणार?

अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे ४ हजार शाळांतील ६ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. शाळांच्या सोयीसुविधांतील फरकापेक्षा विद्यार्थ्याची कौटुंबिक पार्श्वभूमी आणि त्याच्या सोबतच्या मुलांची पार्श्वभूमी यांचा गुणांशी अधिक संबंध आहे, असे त्यांना दिसून आले. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु पट न पाहता निकाल पाहू नये, ही शिकवण मागे उरली.

चौथीनंतरचे वळण

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे नगरपालिका व जिल्हा परिषदेच्या कित्येक प्राथमिक शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत चालत आल्या, तर खाजगी अनुदानित विद्यालये पाचवीपासून दहावीपर्यंत. त्यामुळे चौथी संपताच पालक मुलाचे नाव काढून मोठ्या विद्यालयात घालतात. ज्यांना चौकशी करण्यास सवड आहे आणि मुलाला पुढे शिकवण्याची निश्चिती आहे, ते प्रथम जातात. मागे राहतात ती बहुधा अशी मुले, ज्यांच्यासाठी धावपळ करण्यास घरी कोणी मोकळे नसते. अशा शाळेतील सातवीचा वर्ग हा चौथीचाच वर्ग तीन वर्षांनी मोठा झालेला नसतो. तो चाळणीतून गेलेला वर्ग असतो.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. पूर्वी ही परीक्षा चौथी व सातवीला होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला घेण्यात येऊ लागली. चौथीला व सातवीला संपणाऱ्या शाळांचे विद्यार्थी परीक्षेच्या वर्षी दुसऱ्याच शाळेच्या पटावर गेले आणि त्यांच्या यशाचे श्रेयही तिकडेच गेले. अखेर २०२५ मध्ये शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचा निर्णय घेतला. मुले तीच, गुरुजनही तेच; मोजण्याचे वर्ष बदलले आणि शाळांची प्रतिष्ठा बदलली!

मोजमापातून निसटलेले शहर

देशभर चर्चिला जाणारा 'असर' अहवाल ग्रामीण भागापुरता आहे. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी केवळ ४५.८ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २०१८ मध्ये हे प्रमाण ४४.१ टक्के होते. संगमनेरसारखे शहर मात्र या पाहणीत येत नाही. केंद्राचे 'परख' सर्वेक्षण डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी व नववीसाठी झाले. त्याचे चित्र जिल्ह्याच्या पातळीवर मांडले जाते आणि अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्याच्या सरासरीत एका शहराच्या वस्त्या दिसेनाशा होतात. अशा वेळी पालकांच्या हाती उरते ती ऐकीव कीर्ती.

या कीर्तीचे परिणाम कागदावरही उमटतात. पट घटला की शिक्षक घटतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष सुधारले. त्यानुसार सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी विद्यार्थी असतील तर नियमित शिक्षकाचे पद मंजूर होत नाही. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते की, या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांकरिता किमान प्रत्येकी एक शिक्षक असावा. म्हणजे चांगली मुले गेली म्हणून पट घटला, पट घटला म्हणून गणिताचे शिक्षक गेले, आणि गणिताचे शिक्षक गेले म्हणून उरलेलीही गेली. दोष मात्र निकालाच्या नावे नोंदला गेला.

एक किलोमीटरची भिंत

याच काळात शासनाने दुसरे पाऊल उचलले होते. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, सरकारी अथवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देण्यात आली. खेड्यात या नियमाचा अर्थ वेगळा असेल. पण संगमनेरसारख्या दाट वस्तीच्या शहरात कोणत्याही शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा सापडणे अवघड नाही. गरिबाच्या मुलाने गरिबाच्याच शाळेत जावे, अशीच ती व्यवस्था झाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या अधिसूचनेस स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निर्णय कायम ठेवला. एकाच परिसरातील सर्व थरांतील मुलांनी एकत्र शिकावे, ही कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये मांडलेली शेजारशाळेची कल्पना त्यामुळे निदान काही अंशी शाबूत राहिली.

आपल्या शाळांपुढील प्रश्न

येथे आपणही आपल्याकडे पाहणे अगत्याचे आहे. २०१४ च्या प्रमती निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, हा शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या निकालाच्या योग्यतेविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे सोपविला. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अल्पसंख्याक शाळांतील सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांचे प्रमाण ८.७६ टक्के दाखविले होते. अहिल्यानगर जिल्ह्यात मिशनच्या बोर्डिंगांनी खेड्यापाड्यांतील दलित व आदिवासी मुलांच्या पिढ्या घडविल्या, हे खरेच. परंतु पूर्वजांचे पुण्य आजच्या प्रवेशयादीला पुरत नाही. जोतिराव फुले यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा अहमदनगर येथील मिस फरार यांच्या शाळांनी दिली होती. त्या शाळांचे नाव झाले ते त्यांनी कोणासाठी दार उघडले यामुळे. कायद्याने दिलेली सूट हा अधिकार आहे. तिचा उपयोग कोणासाठी करायचा, हा विवेकाचा प्रश्न आहे.

पालकांनी काय विचारावे?

शाळेचे मूल्यमापन होऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. गरिबांची शाळा आहे म्हणून तिच्याकडून कमी अपेक्षा ठेवणे हाही गरिबांचा अपमानच आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. या समितीच्या बैठकीत साधे प्रश्न विचारता येतील. पाचवीत आलेली मुले आठवीला पोहोचेपर्यंत कोठून कोठे गेली? चौथीनंतर किती मुलांनी नाव काढले आणि का? हंगामात उपस्थिती किती घटते? गणित व विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक आहे काय? आठवीतील किती मुले राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसविली? साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पालकांच्या पाल्यास या परीक्षेतून नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळू शकतात. विडी वळणाऱ्या घरात मुलगी दहावीला बसणार की कामाला, हे कित्येकदा एवढ्या रकमेवर ठरते.

सुशिक्षित पालकांनी आपले मूल नगरपालिकेच्या शाळेत घालावेच, असा आग्रह आम्ही धरणार नाही. परंतु ज्या शाळेतून आपण आपले मूल काढून घेतले, तिच्या निकालाला नावे ठेवण्यापूर्वी तिच्या पटावरची नावे एकदा वाचावीत. धर्मग्रामातील निवृत्त शिक्षक व महाविद्यालयीन तरुण यांनी आठवड्यातून दोन सायंकाळी त्या मुलांचा भागाकार पक्का करून घेतला, तरी पुढच्या जूनमधील चर्चा थोडी वेगळी होईल.