दुप्पट, पण कशाच्या?

मागच्या नाताळच्या आदल्या रात्री आम्ही सगळे आदिलाबादला आजीकडे होतो. मध्यरात्रीच्या मिस्साला निघालो तेव्हा मामा तेवढा नव्हता. तो तामिळनाडूतल्या एका सूतगिरणीच्या फाटकाबाहेर, कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक घेऊन रांगेत उभा होता. पोचून दीड दिवस झाला होता, पण सुट्टीमुळे हमाल नव्हते. गाडी खाली झाली त्यानंतर दोन दिवसांनी. त्या साडेतीन दिवसांचे त्याला किती मिळाले, असं मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "कायचे? ट्रिप तर तेच आहे न."

आदिलाबाद म्हटलं की आपल्याकडच्या बऱ्याच जणांना एवढंच माहीत असतं की ते 'तिकडे आंध्रात' आहे. (आंध्रात नाही, २०१४ पासून तेलंगणात.) पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद, दोन्हीकडे काळी माती, कापूस आणि बऱ्याच घरांत मराठी. मधून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, उत्तरेला नागपूर, दक्षिणेला हैदराबाद. गावात केंद्र सरकारचा सिमेंट कारखाना होता, तो नव्वदच्या दशकात बंद पडला. मामाच्या पिढीतल्या पोरांना त्यानंतर काय उरलं? जिनिंगमधलं हंगामी काम, नाही तर स्टिअरिंग. मामा आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. दहावी नापास.

जानेवारीत तो एक कागद घेऊन आमच्याकडे आला. "तुले इंग्रजी येते न, मले वाचून दाखव." कुवेतमधल्या कामाचा करार होता. तेलविहिरींच्या भागात पाण्याचा टँकर आणि ट्रेलर चालवायचा. महिन्याचा मूळ पगार, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, जादा तासांना सव्वापट, साप्ताहिक सुट्टी, राहण्याची सोय. मी एकेक ओळ मराठीत सांगत होते आणि तो प्रत्येक ओळीला "हे लिहून आहे?" असं विचारत होता. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाच्या हातात त्याच्या कामाचा हा पहिला लेखी कागद होता.

आखात म्हणजे सोन्याची खाण, असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिथं व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, नोकरी सोडणं सोपं नसतं, आणि कागदावरचे ८ तास वाळवंटात किती होतात ते तिथे गेल्यावरच कळतं. शिवाय आपल्याकडचा एजंट. नोंदणीकृत एजंटनं उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा नियम आहे. मामाला सांगितलेला आकडा त्याच्या कितीतरी पट होता. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात या माणसाचं नाव मला सापडलं नाही. ते मी मामाला स्पष्ट सांगितलं.

पण तो कागद वाचल्यावर मला उत्सुकता लागली, की आपल्याकडे कायदा काय म्हणतो? साहित्याची विद्यार्थिनी असले तरी कायदा वाचायला बंदी नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा मिळवला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन १० तास. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आणि जादा कामाला दुप्पट पैसे. कुवेतचा कायदा सव्वापट देतो, आपला दुप्पट! मी मोठ्या उत्साहानं मामाला फोन केला. तो हसायलाच लागला. "दुप्पट? कायच्या दुप्पट? इथं तास कोन मोजते?"

मला वाटतं सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. मामाला पगार म्हणून थोडे पैसे मिळतात आणि बाकी ट्रिपचा भत्ता. त्या भत्त्यातच जेवण, ताडपत्री बांधायचे पैसे, पंक्चर, पार्किंग आणि वाटेतले 'इतर' खर्च. डिझेलचं अॅव्हरेज कमी पडलं तर कापून घेतात. उरलं ते त्याचं. म्हणजे गाडी चाकावर असेल तोवरच कमाई. वजनकाट्याची रांग, माल भरण्याची रांग, खाली करण्याची रांग, बंद फाटक, सुट्टीवरचे हमाल, हा सगळा वेळ त्याच्या खिशातून जातो.

कायद्यातली 'कामाचे तास' याची व्याख्या मी तीनदा वाचली. कामगार मालकाच्या दिमतीला असेल तो वेळ म्हणजे कामाचा वेळ, अशी छान सुरुवात आहे. पुढे म्हटलंय, टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी वेळही यात धरायचा. कमी! लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एसटीचा स्टँड असावा. साडेतीन दिवस फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ट्रकची कल्पना त्यानं केलेली दिसत नाही.

आता तर हा कायदाही राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो त्यांतल्या एकीत विलीन झाला. जुना कायदा ५ किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूकदाराला लागू होता, नव्या संहितेत तो आकडा १० आहे. मामाच्या मालकाकडे सहा गाड्या, सहा ड्रायव्हर. म्हणजे काल ते कायद्याच्या आत होते, आज बाहेर. त्याच संहितेत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायची तरतूद आहे, ती चांगलीच आहे, पण या सहा जणांच्या दारापर्यंत ती येत नाही. वेतन संहिता मात्र सगळ्यांना आहे. तिच्यात वेतनचिठ्ठी द्यायची म्हटलंय, जादा कामाला दुप्पटही आहे. मामानं अजून वेतनचिठ्ठी पाहिलेली नाही.

मालकाला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. मी त्याच्याशी बोलले. गाड्यांचे हप्ते, टोल, परतीच्या भाड्यासाठी दलालाच्या पाया पडणं, त्यालाही पैसे ट्रिपचेच मिळतात. गाडी अडकून राहिली तर माल मागवणाऱ्यानं 'हॉल्टिंग' द्यायचं असतं, पण "पार्टी देत नाही, मागितलं तर पुढचा लोड देत नाही." माझं म्हणणं असं की पैसे त्या पार्टीनंच द्यायला हवेत, आणि त्यातला ड्रायव्हरचा हिस्सा ठरलेला हवा. बिल्टीवर फक्त दोन रकाने वाढवा: गाडी फाटकावर कधी पोचली, खाली कधी झाली. वेळ मोजणं अवघड आहे हे कारण तर आता कोणी सांगूच नये. फास्टॅग टोलनाक्यावरची वेळ नोंदवतो, जीपीएसवर मालक गाडी कुठे थांबलीय ते घरबसल्या बघतो. ई-वे बिलाची मुदतसुद्धा २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजलेली असते. मालाचा वेळ मोजता येतो, माणसाचा नाही?

जानेवारी २०२४ मधला संप आठवतोय? अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, या कलमाविरुद्ध ट्रक आणि टँकरवाले थांबले आणि एका दिवसात हैदराबादेत पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. आम्ही हॉस्टेलच्या मुली त्या रांगांचे रील बघत होतो. ते कलम सरकारनं नंतर लागू केलं नाही. चर्चा झाली ती शिक्षेची. चालक सलग किती तास जागा असतो आणि का, हे कुणी फारसं विचारलं नाही. मीही नाही, आणि माझा तर मामा ड्रायव्हर आहे. परवा एक मैत्रीण म्हणाली, आता नव्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा केलाय, बरं झालं न? झालंच. मामाची गाडी जुनी आहे.

त्या कुवेतच्या कागदाचं अजून ठरलेलं नाही. मामी नको म्हणते, आजी रडते, मामा काहीच बोलत नाही. मी त्याला एक वही दिली आहे, पोचल्याची आणि खाली झाल्याची वेळ लिहायला. आधी म्हणाला, "हे दाखवू कोनाले?" पण लिहितोय. फेब्रुवारीतल्या चार ट्रिपांची बेरीज मी केली. नुसतं थांबण्याचे १३१ तास. आठ तासांच्या हिशेबानं सोळा दिवसांहून जास्त. ते पान मालकाला दाखवायचं की नाही, यावर मामाचं आणि माझं सध्या भांडण चालू आहे.