बंदुकीचा आवाज कोणाचा?

मराठीत 'सायलेन्सर' म्हटले की डोळ्यांसमोर मोटारसायकल येते. हौशी तरुण तो काढून टाकतात आणि अवघ्या वस्तीची झोप उडवतात. हाच शब्द बंदुकीला लागला की मात्र चित्रपटातला खलनायक आठवतो: 'फुस्स' असा आवाज, आणि समोरचा माणूस आडवा. या दोन्ही सायलेन्सरांचे कूळ एक आहे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले. पुढे तेच तत्त्व त्याने इंजिनांनाही लावले. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे १८८४ च्या मॅक्सिम मशीनगनचे जनक. स्वतःच्याच तोफांच्या धडाक्याने ते पुढे ठार बहिरे झाले. बापाने आवाज निर्माण केला आणि लेकाने तो गिळणारे नळकांडे बनवले!

हे नळकांडे लावून शिकार करावी की नाही, हा अमेरिकेत जुना वाद आहे. तिथल्या १९३४ च्या कायद्याने त्यावर दोनशे डॉलर कर बसवला आणि नोंदणी सक्तीची केली. १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आला. नोंदणी कायम राहिली. कायद्याच्या भाषेत ही वस्तू 'सायलेन्सर' आहे. शिकारी मात्र 'सप्रेसर' म्हणा असा आग्रह धरतात. एक शब्द मौन सुचवतो, दुसरा केवळ दमन. २०१५ मध्ये निर्बंध सैल करण्यासाठी जे विधेयक मांडले गेले त्याचे नाव 'हिअरिंग प्रोटेक्शन ॲक्ट'. कानांच्या रक्षणाला कोण विरोध करील? शब्दशक्ती शिकवणाऱ्यांनी या नामकरणाकडे जरूर पाहावे. वस्तू एकच, पण नाव ठरले की निम्मा वाद जिंकला जातो.

तरीही शिकाऱ्यांची बाजू खोटी नाही. शिकारी रायफलीचा बार साधारण एकशे साठ डेसिबलांच्या घरात जातो. अशा क्षणिक धडाक्यासाठी धोक्याची रेषा एकशे चाळीसची मानतात. सप्रेसर त्यातून वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. म्हणजे बार मुका होत नाही, फक्त सोसवेल इतका होतो. आमच्यापैकी एकाने एन.सी.सी.च्या शिबिरात कानात कापसाचे बोळे घालून गोळ्या झाडल्या होत्या. त्या संध्याकाळी कानात रातकिडे ओरडत होते. शिवाय खांद्याला बसणारा धक्का कमी होतो, त्यामुळे नेम सुधारतो आणि जनावर जखमी होऊन तडफडण्याची शक्यता घटते. नॉर्वे, फिनलंड या देशांत तर शिकारीच्या रायफलीवर सप्रेसर असणे ही रोजची बाब आहे. रायफल लांब आणि जड होते, हा तोटा किरकोळच म्हणायचा.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र आम्हाला पोकळ वाटतो. आवाज नसला तर सावजावर अन्याय होतो, असे ते म्हणतात. पण गोळी सेकंदाला सुमारे आठशे मीटर धावते आणि ध्वनी सुमारे तीनशे चाळीस. बार ऐकू येण्यापूर्वीच गोळी लागलेली असते. आणि धनुष्याला कुठे आवाज होता? दशरथाने तर आवाजाच्याच रोखाने बाण सोडला आणि श्रावण गेला. निःशब्द शस्त्र ही विसाव्या शतकाची देणगी नव्हे.

खरा आक्षेप वेगळा आहे. रानात शिकारी आणि सावज यांखेरीज तिसराही कान असतो. तो वाटसरूचा, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बाईचा, वनरक्षकाचा. बंदुकीचा बार ही त्यांच्यासाठी सूचना असते: इकडे गोळी चालते आहे, जपा, किंवा इकडे कुणी चोरून मारतो आहे, धावा. काझीरंगात आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात गेंड्यांच्या चोरट्या शिकाऱ्यांनी सायलेन्सर वापरल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. शेकडो चौरस किलोमीटर रान आणि मूठभर रक्षक असतील, तिथे आवाज हाच पहिला साक्षीदार. त्याचे तोंड बांधले की गुन्ह्याचा पत्ता लागतो तो गिधाडे घिरट्या घालू लागल्यावर.

म्हणून 'सप्रेसर चांगला की वाईट' हा प्रश्नच आम्हाला अपुरा वाटतो. आवाज कोणाचा, हे आधी विचारावे. शिकाऱ्याच्या कानापुरता तो इजा आहे. इतरांच्या कानांसाठी तो माहिती आहे. जिथे शिकाऱ्याचे नाव, परवाना, हंगाम आणि मारलेल्या जनावरांची संख्या सरकारदफ्तरी नोंदली जाते, तिथे ती माहिती कागदाने पुरवलेली असते. तिथे कान वाचवायला हरकत नसावी. जिथे कागद नाही, तिथे आवाजच कागद. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंदच आहे. तेव्हा आपल्या रानात सायलेन्सर लावून हिंडणाऱ्याला कानांचे निमित्त सांगता येणार नाही. त्याला लपवायचा असतो तो आवाज नव्हे, स्वतःचा ठावठिकाणा.

सावजाला अर्थात या साऱ्या वादाशी कर्तव्य नाही. त्याला दोन्ही शब्द सारखेच.